मध्यम बजेटमध्ये जुन्या एव्ही रिसिव्हरच्या जागी नवा घेताना काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की बरीच वर्षं चाललेला ५.१ रिसिव्हर (टीव्ही-कन्सोलचा आवाज घेऊन पाच स्पीकर आणि एक सबवूफर वाजवणारा डबा) मधेच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडायला लागलाय, स्पीकर आणि सबवूफर ठणठणीत आहेत, टीव्ही नवा ४के आहे, एक गेम कन्सोल आहे, बाकी सगळं बघणं स्ट्रीमिंगवर, आणि बजेट मधलं, म्हणजे अगदी स्वस्तातला नको पण वरचं मॉडेलही झेपणार नाही. किती वॉटचा घ्यावा, ८के लागेल का, अ‍ॅटमॉस (छताच्या बाजूनेही आवाज देणारा डॉल्बीचा सराउंड) घेऊन ठेवावं का. माझं कामच या सिस्टीम बसवायचं आणि ट्यून करायचं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

पहिलं म्हणजे जुना खरंच गेलाय का ते बघा. 'प्रोटेक्ट' म्हणजे रिसिव्हर मेला असा अर्थ होत नाही, तो स्वतःला वाचवतोय एवढाच अर्थ. प्लग काढा, मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा, एकही ठेवू नका, आणि मग चालू करा. आता तो चालू राहिला तर दोष बहुतेक वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे, कुठेतरी टर्मिनलजवळ तांब्याचा एक बारीक तंतू शेजारच्याला चिकटलेला असतो आणि तेवढ्याने सगळं बंद पडतं. अशा वेळी एकेक स्पीकर जोडत जा, ज्याला जोडल्यावर परत प्रोटेक्ट येईल तो चोर. वायरी काढूनही प्रोटेक्टच येत असेल तर आतला आउटपुट स्टेज किंवा पॉवर सप्लाय गेलाय, आणि एवढ्या जुन्या मशीनवर तो खर्च करावा असं मला वाटत नाही. अर्ध्या तासाने गरम झाल्यावरच बंद होत असेल तर आधी वरची धूळ काढा आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेला सेट टॉप बॉक्स उचला. तो प्रकार मी इतक्या ठिकाणी बघितलाय की विचारू नका.

अजून एक, काही जणांचा रिसिव्हर नीट वाजतो पण फक्त एचडीएमआय जातं. जुन्या रिसिव्हरमध्ये हे फार होतं कारण अ‍ॅम्पलिफायर वर्षानुवर्षं टिकतो पण डिजिटल बोर्ड उष्णतेने किंवा केबलमधून आलेल्या विजेच्या झटक्याने जातो. त्यांनी टीव्हीचा ऑप्टिकल आउट रिसिव्हरला लावला तरी डॉल्बी डिजिटल ५.१ मिळतं, अ‍ॅटमॉस मिळत नाही एवढंच. म्हणजे घाई न करता चांगली डील येईपर्यंत थांबता येतं.

बरं, आता समजा घ्यायचाच आहे.

वॉटचा आकडा डोक्यातून काढा. खोक्यावर १५० वॉट लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात खाली असतं की ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनल चालू. दहा टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेला असतो, तसं कोणी ऐकत नाही. तुम्हाला बघायचा आहे तो आकडा म्हणजे ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. मधल्या बजेटमध्ये हा आकडा साधारण ८० ते १०० च्या मधे येतो, कुठल्याही कंपनीचा घ्या. आणि ८० आणि १०० मधला फरक कानाला किती? जेमतेम १ डेसिबल. पॉवर डबल केली की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळे ८० वाला सोडून १०० वाला घेण्यासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे कळणारही नाही अशा गोष्टीला पैसे देणं.

गणित करूनच बघा ना. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल आहे, म्हणजे साधारण १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल. तुम्ही ३ मीटरवर बसता, अंतरामुळे कमी होतात, खोलीच्या भिंतींमुळे थोडे परत मिळतात, धरून चाला की बसल्या जागी ८० च्या आसपास येतात, एका वॉटला! घरात पिक्चर बघताना सरासरी आवाज ७०-७५ च्या वर सहसा जात नाही. वॉट लागतात ते स्फोटाच्या, दणक्याच्या त्या क्षणाला, आणि त्यातलाही सगळ्यात जड भाग खालच्या बेसचा असतो, जो तुमच्याकडे सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्पवर वाजवतोय. म्हणून मेनूत सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ केला की रिसिव्हरचं ओझं एकदम हलकं होतं. फुकटात.

अपवाद आहे. स्पीकर ४ ओहमचे असतील, सेन्सिटिव्हिटी ८४-८५ असेल आणि खोली मोठी असेल तर मात्र हा हिशोब बिघडतो. तेव्हा निदान पुढच्या चॅनलचे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसिव्हर घ्या म्हणजे पुढेमागे वेगळा पॉवर अ‍ॅम्प लावता येईल. आणि स्पेक्स वाचून वाचून कंटाळा आला तर एक सोपी खूण सांगतो, वजन बघा. एन्ट्री लेव्हलचा रिसिव्हर ८-९ किलोचा असतो, जरा बरा १२ ते १४ किलोचा, तो फरक मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचा असतो. मेनूत इम्पीडन्स ४ किंवा ६ ओहम करायचं सेटिंग असतं, त्याला हात लावू नका, बहुतेक मॉडेलमध्ये ते फक्त अ‍ॅम्पला लगाम घालतं.

आता एचडीएमआय. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, कारण जाहिरातीत '८के' मोठ्या अक्षरात असतं. ८के चा विचारच करू नका, बघायला काही नाही. प्रश्न वेगळाच आहे आणि तो टीव्हीला विचारायचा आहे, रिसिव्हरला नाही. टीव्हीच्या मागे बघा, एका पोर्टवर ईआर्क (eARC, टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधून रिसिव्हरकडे पाठवायची सोय) लिहिलंय का? लिहिलं असेल तर तुमची निम्मी काळजी मिटली. कन्सोल, स्ट्रीमिंग स्टिक सगळं थेट टीव्हीला लावायचं, आणि टीव्हीकडून एकच केबल रिसिव्हरला. मग रिसिव्हरमधून ४के १२० हर्ट्झ जातं की नाही, व्हीआरआर (गेमच्या वेगाशी स्क्रीनचा वेग जुळवणं) चालतं की नाही, कुठला एचडीआर पास होतो, हे सगळे प्रश्नच उरत नाहीत, कारण व्हिडिओ रिसिव्हरमधून जातच नाही.

साधा आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आला, त्याच्यातून डॉल्बी डिजिटल आणि बहुतेक नव्या टीव्हींवर डॉल्बी डिजिटल प्लस जातं. स्ट्रीमिंगचं अ‍ॅटमॉस याच डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेलं असतं, त्यामुळे फक्त स्ट्रीमिंग बघणाऱ्याला साध्या आर्कवरसुद्धा अ‍ॅटमॉस मिळू शकतं, हे दुकानदार सांगत नाही. ईआर्क लागतो तो दोन कामांसाठी. एक, ब्लू-रेचं ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा आवाज. दोन, कन्सोल, कारण कन्सोल बऱ्याचदा आवाज मल्टीचॅनल पीसीएममध्ये (न दाबलेल्या कच्च्या रूपात) पाठवतो आणि साध्या आर्कमधून पीसीएम फक्त स्टिरिओ जातं. 'मागचे स्पीकर गेममध्ये वाजतच नाहीत' ही तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो. तुमच्याकडे कन्सोल आहे, म्हणून ईआर्क दोन्हीकडे हवाच. तात्पुरतं आर्कवर भागवायचं असेल तर कन्सोलचा ऑडिओ आउटपुट डॉल्बी डिजिटलवर टाका, पाचही स्पीकर बोलायला लागतील.

टीव्हीमार्गे जाण्यात एक गोम आहे, ती म्हणजे डीटीएस, डॉल्बीसारखाच दुसरा ऑडिओ फॉरमॅट. काही कंपन्यांनी टीव्हीतून डीटीएस काढून टाकलंय, सॅमसंगने २०१८ पासून, एलजीने २०२० च्या मॉडेलपासून काही वर्षं. तुमच्याकडे डिस्कचा साठा असेल तर प्लेअर थेट रिसिव्हरला लावा, बाकीचं टीव्हीला. आणि टीव्हीला एचडीएमआय २.१ चे दोनच पोर्ट असतील, त्यातला एक ईआर्कचाच असेल आणि तुमच्याकडे दोन कन्सोल असतील, तर मात्र रिसिव्हरमधून ४के १२० न्यायला लागेल. मग खोक्यावरच्या '२.१' वर विश्वास ठेवू नका, त्या नावाखाली कुठली फीचर द्यायची हे कंपनीच्या मर्जीवर आहे. किती पोर्ट आणि किती गिगाबिट हे बघा, ४० गिगाबिटचे दोन-तीन इनपुट मिळाले तर पुरे. सेकंडहँड घेत असाल तर २०२० च्या सुमाराचे पहिले ८के रिसिव्हर जपून घ्या, त्यातल्या काहींच्या एचडीएमआय चिपमध्ये दोष होता आणि ठराविक कन्सोलवरून ४के १२० लावलं की स्क्रीन काळी पडायची.

आता माझ्या मते ज्याच्यावर पैसे खर्च करावेत ती एकच गोष्ट, रूम करेक्शन. रिसिव्हरबरोबर छोटा माइक येतो, तो सोफ्यावर ठेवून रिसिव्हर टूं टूं करून मोजमाप घेतो, ते. लोक दोन रिसिव्हरच्या 'आवाजात' फरक सांगतात ना, हा गरम, तो थंड, हा फरक नीट लेव्हल जुळवून ऐकला तर बहुतेक वेळा गायब होतो. खोलीचा फरक मात्र गायब होत नाही. ५ मीटर लांब खोली घ्या, तिच्यात ३४ हर्ट्झच्या आसपास लाट भिंतीत अडकते आणि एका जागी बेस घोंघावतो, दोन पावलं पुढे सरकलात की बेसच नाही. महागडा अ‍ॅम्प यावर काहीच करू शकत नाही, करेक्शन करू शकतं, सगळं नाही पण बरंच.

याच्यातही पायऱ्या आहेत आणि नेमका इथे बजेटचा खेळ होतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी असतं, त्याची तीन रूपं भेटतील, साधं मल्टीईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२. शेवटच्यात फिल्टरची बारकाई पहिल्या दोघांपेक्षा खूपच जास्त आहे आणि दोन सबवूफर असतील तर त्यांना वेगवेगळं मोजून जुळवतं. डेनॉनच्या एक्स सिरीजमध्ये १००० आणि २००० च्या घरातल्या मॉडेलना एक्सटी मिळतं, एक्सटी३२ साठी ३००० च्या घरात जावं लागतं. ऑडिसीचं वेगळं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप आहे, ते घ्याच, कारण त्यात करेक्शन एका फ्रिक्वेन्सीपर्यंतच थांबवता येतं. मी बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० हर्ट्झला थांबवतो, वरचा आवाज चांगल्या स्पीकरचा तसाच ठेवतो, पूर्ण रेंजला करेक्शन लावलं की काहींना आवाज मेल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

ऑन्क्यो आणि पायोनियरच्या जरा वरच्या मॉडेलमध्ये डिरॅक लाइव्ह हे दुसरं रूम करेक्शन मिळतं. ऑन्क्योचा २०२१ चा आरझेड५० आला तेव्हा या किमतीच्या गटात पूर्ण डिरॅक बरोबरच मिळतंय म्हणून खूप गाजला. मात्र त्याच्या खालच्या एनआर६१०० मध्ये डिरॅक नाही, एनआर७१०० मध्ये आहे. नावं इतकी सारखी की लोक चुकीचा उचलून आणतात. ऑन्क्योबद्दल अजून एक शंका लोक काढतात की कंपनी बुडाली ना, तर हो, २०२२ मध्ये जपानमधली जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, पण रिसिव्हरचा धंदा त्याआधीच दुसऱ्यांनी घेतला होता आणि नवे मॉडेल येत राहिले. डेनॉनच्या वरच्या मॉडेलवर डिरॅक चालतं पण लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा.

यामाहाचं स्वतःचं रूम करेक्शन, वायपीएओ, मला ठीकठाक वाटतं, बिघडवत काही नाही पण बेसमध्ये डिरॅकइतकं कामही करत नाही, स्वस्त मॉडेलमध्ये तर अगदीच जुजबी. मात्र त्यांचे सराउंड मोड भारी असतात. सोनीचं सेटअप सगळ्यात सोपं, घरातल्या कोणालाही जमेल, आणि मागचे स्पीकर वाकडेतिकडे लागले असतील तर त्यांचं स्पॅशियल मॅपिंग आश्चर्य वाटावं इतकं सावरून घेतं, पण हाताने बारीक फेरफार करणाऱ्याला तिथे मोकळीक कमी. तुम्हाला मेनूत घुसून खेळायचा कंटाळा असेल तर सोनी घ्या आणि सुखी राहा, खरंच सांगतो.

चॅनलचं पटकन आटपतो. तुमच्याकडे ५.१ आहे, आणि ७ चॅनलचा रिसिव्हर हा मधल्या बजेटमध्ये आपोआप येतोच, त्यावर पुढे छताचे दोन स्पीकर लावले की ५.१.२ होतं. तेवढं पुरेसं आहे. ९ चॅनलवाला तेव्हाच घ्या जेव्हा छतात चार स्पीकर बसवायचं पक्कं ठरलंय, 'कधीतरी लावू' वाल्यांच्या रिसिव्हरची ती टर्मिनल्स वर्षानुवर्षं रिकामी बघतोय मी. स्पीकरवर ठेवायचे वर तोंड केलेले मॉड्यूल येतात ते सपाट आणि कडक छत असेल तरच थोडंफार काम करतात, उतरतं छत असेल किंवा आवाज शोषणाऱ्या टाइल असतील तर सोडून द्या. बाय-अ‍ॅम्पिंगच्या (एकाच स्पीकरला दोन चॅनल जोडायच्या) नादाला लागू नका. वायफाय म्युझिक, स्ट्रीमिंग अ‍ॅप वगैरेसाठी जास्त पैसे नका देऊ, ते भाग सगळ्यात आधी जुने होतात आणि एक छोटी स्टिक तेच काम करते. टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट बघून घ्या, आणि जुना प्लेअर तीन रंगांच्या कंपोनंट केबलवर चालत असेल तर नव्या बऱ्याच रिसिव्हरना ते इनपुटच नसतं हे लक्षात ठेवा.

तर मी तुमच्या जागी काय केलं असतं? टीव्हीला ईआर्क आहे असं धरून, नवा कोरा खालचा मॉडेल घेण्याऐवजी मी एक पिढी मागचा पण एक पायरी वरचा शोधला असता, शिल्लक स्टॉक किंवा कंपनीचा रिफर्बिश्ड, वॉरंटीसकट. कारण सोपं आहे, रिसिव्हरमध्ये जुनं होतं ते एचडीएमआय, आणि तेच तुम्हाला लागत नाहीये. अ‍ॅम्प आणि रूम करेक्शन जुनं होत नाही. उदाहरण द्यायचं तर डेनॉनचा २०१९ चा एक्स३६००एच, त्यात ८के नाही, ४के १२० नाही, पण ईआर्क आहे, ९ चॅनल आहेत, एक्सटी३२ आहे, प्री-आउट आहेत. आजच्या नव्या एन्ट्री मॉडेलच्या खोक्यावर कितीही स्टिकर असू देत, खोलीत हा जास्त चांगला वाजेल. २०१९ च्या मागे मात्र फार जाऊ नका, ईआर्क नसण्याची शक्यता वाढत जाते.

सेकंडहँड घेताना माइक बरोबर आहे ना ते बघा, आणि त्याच मॉडेलचा आहे ना तेही, कारण दुसऱ्या मॉडेलचा माइक लावला तर मोजमापच चुकतं. प्रत्येक एचडीएमआय पोर्ट एकेक करून लावून बघा, आउटपुटसुद्धा. टेस्ट टोन लावून सगळी चॅनल ऐका, एखादं चॅनल आवाज वाढवल्यावरच जागं होत असेल तर रिले खराब आहे. निदान एक तास चालू ठेवा. विकणारा 'कालच तर वाजवला, मस्त चालतो' म्हणत घाई करत असेल तर निघा तिथून.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच मोजमाप करू नका, आधी फर्मवेअर अपडेट करून घ्या. मग पंखा, फ्रिज, जे जे आवाज करतं ते बंद, माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला चालणार नाही. सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब शेवटपर्यंत वर, फेज शून्य. मोजमाप झाल्यावर मेनूत जाऊन बघा, पुढच्या स्पीकरना 'लार्ज' केलं असेल तर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० करा. रिसिव्हरने एखाद्या स्पीकरला १०० किंवा १२० दिला असेल तर तो खाली आणू नका, वर नेलेला चालतो खाली आणलेला नाही. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा एक-दीड मीटर जास्त दाखवेल, ते बरोबर आहे, सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो, 'सुधारायला' जाऊ नका. संवाद ऐकू येत नाहीत असं घरातून आलं तर सेंटर २ डेसिबल वाढवा, रात्री डायनॅमिक व्हॉल्यूम (मोठे आणि बारीक आवाज जवळ आणणारं सेटिंग) लावा.

वर निदान १० सेंटीमीटर मोकळी जागा, मागून हवा जायला वाट. केबल नवी घ्यायची वेळ आलीच तर ४के १२० साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' चं सर्टिफिकेट असलेली, बाकीच्यांसाठी जुनी चालतेय तर चालू द्या. आणि हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत करा, विशेषतः ईआर्क, कारण टीव्ही आणि रिसिव्हरची सीईसीवरून (एचडीएमआयमधून एकाने दुसऱ्याला चालू-बंद करायची सोय) भांडणं होतात, टीव्ही बंद केला की रिसिव्हर बंद होत नाही, मधेच आवाज जातो, आणि कुठली जोडी भांडेल हे कागदावर कळत नाही. आधी दोन्हीकडे सीईसी बंद-चालू करा, केबल बदला, दोन्हीचे प्लग पाच मिनिटं काढून ठेवा. एवढं करून आठवडाभरात जमलं नाही तर झगडत बसू नका, परत करा आणि दुसऱ्या कंपनीचा घ्या.